पूर ओसरल्यावर मुलांसोबत काम करताना: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांत पाणी शिरलं आणि बरेच दिवस उतरलंच नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. त्याच दिवसांत चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी घुसलं आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. अशा वेळी पुण्या-मुंबईहून मदतीचे टेम्पो निघतात आणि 'मुलांसाठी काहीतरी करू' म्हणणारी पाच-सात तरुण मंडळी त्यांच्याबरोबर हमखास असतात. हे टिपण त्यांच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः पुराची असली तरी दरड किंवा भूकंपानंतरही यातलं बरंचसं तसंच लागू पडतं.

सगळ्या कामाचा पाया असा: मूल सावरतं ते ओळखीच्या माणसांत आणि ठरलेल्या दिनक्रमात. त्यामुळे शाळा, अंगणवाडी आणि घर लवकर रुळावर यायला हातभार लावणं हेच तुमचं काम. त्यांच्या शेजारी स्वतःचा वेगळा संसार मांडायला जाऊ नका. खालच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून आल्या आहेत.

निघण्याआधी

तीन दिवसांसाठी जायचं असेल तर मुलांचं काम घेऊ नका. गाळ काढा, धान्य पोचवा, त्याचीही तितकीच गरज असते. मुलांसोबत काम करणाऱ्याने सलग किमान १५ दिवस थांबायला हवं, आणि बदली माणूस येईल तेव्हा दोघांचे दोन-तीन दिवस एकत्र जायला हवेत. रोज नवा ताई-दादा आला की मूल प्रत्येकाला तीच हकीकत सांगतं, प्रत्येकाला चिकटतं आणि प्रत्येकाचं जाणं सोसतं.

आधी फोन करायचा तो तहसील कार्यालयात आणि पंचायत समितीत. गटशिक्षणाधिकारी आणि अंगणवाड्यांचे बालविकास प्रकल्प अधिकारी या दोघांना कळवा आणि जमल्यास पत्र घ्या. पत्रापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कुठल्या गावात आधीच चार संस्था पोचल्यात आणि कुठे कुणीच नाही हे तिथेच कळतं. रस्त्याला लागून असलेल्या गावात मदतीचा ढीग होतो आणि दोन किलोमीटर आतल्या वाडीत बिस्किटाचा पुडाही जात नाही, हे दर पुरात दिसतं.

सोबत गुडघ्यापर्यंतचे गमबूट, टॉर्च, स्वतःचं पाणी आणि चार दिवसांचं कोरडं खाणं घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच निघा. निवारा केंद्रात ज्यांचं घर बुडालंय त्यांच्याच पंगतीत जाऊन बसण्याची वेळ स्वतःवर आणू नका.

पहिले दोन दिवस फक्त पाहणी

पोचल्या पोचल्या खेळ सुरू करायचा मोह आवरा. आधी अंगणवाडी सेविका, आशाताई, मुख्याध्यापक, सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटा. आशाताईंच्या तोंडी अख्खं गाव असतं: कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ कमी वजनाचं, कोणत्या घरात दारू आहे, कुणाचा मुलगा चार दिवस बोललेला नाही. तुमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मपेक्षा त्यांच्याबरोबर तासभर फिरलात तर जास्त हाती लागेल.

निवारा केंद्र असेल तर मोजमाप घ्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांनुसार माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, पिण्याचं पाणी माणशी रोज किमान ३ लिटर, ३० जणांमागे एक शौचालय आणि तेही ५० मीटरच्या आत, असं असायला हवं. मंगल कार्यालयात ४०० माणसं आणि चार संडास, अशी अवस्था असेल तर रांगेचा पहिला फटका मुलींना बसतो. त्या दिवसभर पाणी प्यायचं टाळतात आणि रात्री अंधारात बाहेर जातात. संडासाच्या वाटेवर दिवा आणि आतून लागणारी कडी या दोन गोष्टी तुमच्या चित्रकलेच्या साहित्यापेक्षा तातडीच्या आहेत. आधी त्या करून घ्या.

जनावरं कुठे आहेत तेही विचारा. पूरपट्ट्यातली माणसं म्हशी सोडून निघत नाहीत. बाप गोठ्याजवळ, आई केंद्रात आणि पोरं दोन्हीकडे ये-जा करतात. चारा-छावणी लांब असेल तर ती वाट पाण्यातून, तुटलेल्या तारांजवळून जाते का, हे स्वतः चालून बघा.

खेळाचा कोपरा

तिसऱ्या दिवसापासून रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मुलांना बसवा. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास पुरे. जागा उघडी हवी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी. बंद खोली नको. टँकर उभा राहतो ती जागा, रस्ता, विहीर आणि नदीचा काठ यांपासून ती लांब असावी.

माणसं किती? कोणत्याही गटाला कमीत कमी दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई आणि शक्यतो एक गावातली. २ ते ४ वर्षांची १५ मुलं, ५ ते ९ ची २०, १० ते १२ ची २५ आणि त्यापुढची ३० मुलं, इतकीच दोघांना झेपतात. दोन वर्षांखालचं मूल आईशिवाय किंवा आजीशिवाय घ्यायचं नाही. एकच मोठा माणूस असेल तर त्या दिवशी कोपरा बंद ठेवा.

पंचवीस मुलांसाठी लागणारं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावतं: दोन मोठ्या सतरंज्या, तेलखडूंच्या पाच-सहा पेट्या, कोऱ्या कागदांचं एक रिम, फळा आणि खडू, रबरी चेंडू दोन, दोरीउड्यांच्या चार दोऱ्या, सागरगोटे, लाकडी ठोकळे, गोष्टींची पंधरा-वीस पुस्तकं, साबण, टॉवेल आणि प्रथमोपचाराची पेटी. लगोरीच्या चकत्या विकत आणायची गरज नाही, सपाट दगड गावात भरपूर. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणी, काचेच्या गोट्या, बॅटरीवरची खेळणी देऊ नका, तोंडात जातात. खेळण्यातल्या बंदुका तर पेटीत नकोतच.

पहिल्या दिवशी हजेरीची वही घाला. मुलाचं नाव, वय, गाव आणि गल्ली, सध्या कुठे झोपतात, पालकाचं नाव आणि मोबाईल, चालू औषध असल्यास ते, आणि सर्वांत मोलाचा रकाना: 'घ्यायला कोण येणार'. त्या रकान्यात ज्याचं नाव नाही त्याच्या हाती मूल द्यायचं नाही, मग तो मामा म्हणून आला तरी.

क्रम रोज तोच ठेवा. आधी एक गाणं किंवा शाळेतली प्रार्थना, मग अर्धा तास पळापळीचा खेळ, मग चित्रं किंवा गोष्ट, मग साबणाने हात धुऊन खाऊ, मग मोकळा खेळ, आणि शेवटी रोज म्हणायचं एकच निरोपाचं गाणं. शेवटचं गाणं विसरू नका. घर सोडताना कुणाला निरोप घ्यायला सवड मिळालेली नसते. 'आता संपलं, उद्या दहाला पुन्हा' हे रोज घडून दाखवलं की मूल चौथ्या-पाचव्या दिवशी गळ्यात न पडता जातं.

इथे काय बिघडतं ते आधीच सांगून ठेवतो. कोपऱ्यात दप्तरं किंवा कपडे वाटले की दुसऱ्या दिवशी मोठी माणसं रांग लावतात आणि लहान मुलं मागे ढकलली जातात, म्हणून वाटप दुसऱ्या जागी, दुसऱ्या वेळी. 'पुराचं चित्र काढा' असं सांगितलं की निम्मी मुलं तुम्हाला हवं ते काढून देतात आणि एखादं मूल रात्री झोपत नाही. विषय देऊ नका. ज्याला पूर काढायचाय तो काढेलच, कुणी मारुती काढेल, कुणी मोटरसायकल. मुलांचे फोटो तर नकोच. आपत्तीतल्या मुलाची ओळख पटेल असा मजकूर किंवा फोटो छापणं बाल न्याय कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतं, आणि देणगीदाराला दाखवायला रिकाम्या सतरंजीचा फोटोही चालतो.

आठवड्याने हजेरीत बघा, दहा-बारा वर्षांपुढच्या मुली किती? बहुधा दोन-तीनच. त्या धाकट्या भावंडांना सांभाळत असतात किंवा आईबरोबर भांडी-गाळ उपसत असतात. त्यांच्यासाठी वेळ बदला आणि कडेवरच्या बाळासकट यायला सांगा. मोठ्या मुलग्यांना चित्रं नको असतात, काम हवं असतं. पाण्याच्या पातळीचा फलक लिहिणं, धाकट्यांचे खेळ घेणं, म्हाताऱ्यांची औषधं आणून देणं अशी जबाबदारी दिली की ती नीट उभी राहतात. गाळ काढायला मात्र गमबुटाशिवाय सोडायचं नाही.

मुलांशी बोलायचं कसं

लहान मुलं आईला सोडत नाहीत, अंथरूण ओलं करतात, सुटलेला अंगठा पुन्हा चोखतात, बोबडं बोलू लागतात. शाळकरी मुलं 'पूर आला, पूर आला' हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात, पोट दुखतं म्हणतात, आभाळ भरून आलं की अस्वस्थ होतात. वयात आलेली गप्प होतात किंवा एकदम भडकतात, आणि 'मी म्हातारीला आधी उचलायला हवं होतं' असलं काहीतरी मनात धरून बसतात. पहिल्या काही आठवड्यांत हे सगळं अपेक्षितच असतं आणि बहुतेक मुलांत ते हळूहळू कमी होतं. पालकांना हे सांगणं हे निम्मं काम आहे, कारण अंथरूण ओलं केलं म्हणून मार बसतो आणि त्रास लांबतो. आईला सांगा: रागवायचं नाही, रात्री झोपताना मुताय‍ला न्यायचं, ओली चादर गुपचूप बदलायची.

आपण करायचं ते मानसिक प्रथमोपचार, म्हणजे पाहा, ऐका, जोडून द्या. मूल सांगेल तेवढं ऐका. 'मग काय झालं? तेव्हा कसं वाटलं?' असं खोदून विचारू नका. सगळं एकदा बोलून टाकलं की मन मोकळं होतं, हा समज जुना आणि घातक आहे. घटना ताजी असताना बळजबरीने ती पुन्हा सांगायला लावल्याने काहींचा त्रास वाढतो.

काही वाक्यं तयार असू द्या. 'भीती वाटणारच, सगळ्यांनाच वाटली.' 'यात तुझी चूक नाही.' 'आत्ता इथे आपण उंचावर आहोत, इथवर पाणी आलेलं नाही.' शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. 'आता पूर येणारच नाही' हे कधीही बोलू नका. पुढच्या वर्षी नदी पात्राबाहेर पडली की तुमच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो. त्याचप्रमाणे 'मी परत येईन' हेही, तारीख ठरलेली नसेल तर.

घरातलं कुणी गेलं असेल तर बातमी सर्वांत जवळच्या माणसानेच द्यावी, तुम्ही नव्हे. पण त्या मावशीला किंवा आजोबांना शब्द सुचत नसतात, तिथे मदत करा. 'आजी झोपली', 'बाबा गावाला गेले' असं सांगितलं की लहान मूल झोपायला घाबरतं नाहीतर दाराशी वाट बघत बसतं. साधं सांगावं: 'आजी वारली. तिचं शरीर आता चालत नाही. ती परत येणार नाही. तुला कोण सांभाळणार? मी सांभाळणार.' शेवटचा प्रश्न मूल विचारत नाही, पण उत्तर त्यालाच हवं असतं. दहावं, तेरावं यांत मुलाला यायचं असेल तर येऊ द्या, शेजारी एक माणूस बसवा. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. देह न मिळालेल्या घरांत मुलं महिनोन् महिने 'सापडले का?' विचारतात. तिथे घाईने उत्तर देऊ नका आणि खोटी आशाही नको. मोठी माणसं जो विधी ठरवतील त्यात मुलांना सामील करून घ्या.

मूल खात-पीत नसेल, स्वतःला इजा करत असेल, मरणाचं बोलत असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. महिना उलटूनही झोप, खाणं, खेळ, शाळा यांत फरक पडत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो पालकांनाही द्या. कर्जाच्या काळजीने बाप रात्र-रात्र जागत असेल तर पोराची झोप कशी सुधारणार?

मूल एकटं सापडलं तर

आधी नाव-गाव विचारून आसपास शोधा, केंद्राच्या माईकवर फक्त गावाचं नाव पुकारा. मुलाचं नाव आणि वर्णन पुकारू नका, नाहीतर कुणीही येऊन 'हा माझाच' म्हणतो. मग १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन आणि पोलिसांना खबर. एकट्या मुलाची माहिती २४ तासांच्या आत द्यावी लागते आणि मूल बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. सापडलं ती जागा, वेळ, अंगावरचे कपडे, कोण सोबत होतं, हे लगेच कागदावर उतरवा. दोन दिवसांनी कुणाला आठवत नाही.

मूल स्वतःच्या घरी नेणं, ओळखीच्या निपुत्रिक जोडप्याला देणं, मोबाईलवर 'पूरग्रस्त बाळ दत्तक' असला मेसेज पुढे ढकलणं, हे तिन्ही प्रकार कायद्याच्या कचाट्यात येतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली होती. पण आजच्या कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आहे. आधी आजी-आजोबा, काका, मामा, मग गावातच कुणी. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात भरून देणं हे तुम्ही करू शकता. अर्जाला मृत्यूचा दाखला, रहिवासी पुरावा, शाळेचा दाखला लागतो आणि नेमकं तेच पाण्यात गेलेलं असतं, म्हणून कागदांचं काम पहिल्या आठवड्यातच धरा.

पाणी, जुलाब, जखमा

पाणी ओसरल्यानंतरचे दोन-तीन आठवडे मुलांच्या तब्येतीला सर्वांत वाईट. गावात जलसुरक्षक असतो, त्याच्याबरोबर राहून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का याची तपासणी, शिकून घ्या. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही.

टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती रिकामी करून गाळ काढा, भिंती घासा, मग स्वच्छ पाण्याने भरा. दर हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत सोडा. २४ तास ठेवा आणि ओतून द्या. हे पाणी प्यायचं नाही. नंतर रोजच्या पिण्याच्या पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅमपासून सुरुवात करा, अर्धा तास थांबा, ओटी करा, पिवळं आलं नाही तर तितकीच पावडर पुन्हा. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, आधी तुरटी फिरवून निवळू द्या. सगळं मापात करूनही पिवळं येत नसेल तर पोतं बघा. पावसाळी हवेत तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर पार निकामी होते आणि गाव तीच टाकत राहतं.

जुलाब लागले की ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. अर्धं पाकीट ग्लासात टाकण्याची सवय फार आहे, त्याने प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. सोबत आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. डोळे खोल गेले, मूल सुस्त झालं, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसलं तर दवाखाना.

ताप, पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल ही त्रयी दिसली तर 'थंडी वाजून आली असेल' म्हणू नका, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) असू शकतो. चिखलात गेलेल्या प्रत्येक मुलाचे पाय रोज संध्याकाळी बघा.

दूध पावडरचे डबे आणि बाटल्या गोळा करून आणू नका. बाळांच्या दूध पावडरीबाबतच्या १९९२ च्या कायद्याने त्यांचं असं वाटप करायला बंदी आहे, आणि बंदीला कारण आहे: गढूळ पाण्यात कालवलेलं दूध, न उकळलेली बाटली, आणि आईचं अंगावरचं दूध आटलेलं. त्यापेक्षा दोन साड्यांचा आडोसा करून बायकांना पाजायला जागा करून द्या आणि त्या आईला दोन वेळचं पोटभर जेवण मिळतंय का ते पाहा.

शाळा उघडणं

पेच असा असतो की निवारा केंद्र शाळेतच असतं. केंद्र हलेपर्यंत शाळा बंद, आणि शाळा बंद तोवर मुलं मोकाट. यावर वाट काढा: देवळाचा मंडप, समाजमंदिर, एखादा कोरडा व्हरांडा, कुठेही रोज दोन तास शिक्षकांनीच वर्ग भरवावा, तुम्ही हाताखाली राहा. पूर बहुधा जुलै-ऑगस्टात येतो, म्हणून पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन ही शाळा पुन्हा भरवायची चांगली संधी असते. गणवेश नसले तरी चालतात, हे मुख्याध्यापकांनी आधी जाहीर करावं.

इमारत मोकळी झाली की बांधकाम विभागाच्या अभियंत्याने पाहिल्याशिवाय मुलं आत नकोत. वायरिंग वायरमनने तपासायचं. गाळ ओला असतानाच काढा, वाळला की कुदळ लागते. कपाटामागे आणि बाकांखाली साप असतात, काठीने आपटून मगच हात घाला.

आता जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारीख, जातीची नोंद, सगळं याच वहीतून निघतं, आणि ती खालच्या कपाटात असल्याने पहिली भिजते. भिजलेली वही उन्हात उघडी टाकली की पानं चिकटून वीट होते. शाई फुटलेली असेल तर धुऊही नका. सावलीत पंख्याखाली उभी ठेवा, दर वीसेक पानांत टिपकागद किंवा कोरा वर्तमानपत्री कागद घाला, तो दर दोन-तीन तासांनी बदला. एकाच वेळी सगळ्या वह्या झेपत नसतील तर उरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. तालुक्यातला आइस्क्रीमवाला बहुधा देतो. गोठवल्याने बुरशी थांबते आणि तुम्हाला सवड मिळते. वाळलं की पानापानाचे फोटो काढून एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे.

दप्तरं पाठवणाऱ्यांना मुख्याध्यापकांची इयत्तावार यादी आधी पाठवा. सांगली-मिरजेकडे मराठीबरोबर उर्दू आणि कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. सातवीच्या मराठी पुस्तकांचे गठ्ठे तिथे पोचून काय उपयोग? दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. पाहुण्यांकडे गेलेली मुलं तिथल्या शाळेत बसू शकतात, फक्त दोन्ही मुख्याध्यापकांचं फोनवर बोलणं करून द्या.

खरी गळती दिवाळीनंतर सुरू होते. पीक गेलं, देणं वाढलं, आणि मुकादमाची उचल घेऊन जोडपी ऊसतोडीला निघतात. मुलं सोबत जातात. मराठवाड्यातल्या गावांत हे विशेष. ऑक्टोबर सुरू व्हायच्या आत शाळा व्यवस्थापन समितीत बसून कोणती घरं जाणार त्याची यादी करा, आजीकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत टाका. नववी-दहावीच्या मुलीचं एकाएकी लग्न ठरलंय असं कानावर आलं तर १०९८. हा क्रमांक त्यासाठीही आहे.

गाव सावरलं तर मूल सावरतं

पंचनाम्यात कुणाची घरं सुटली हे शोधणं हे मुलांचंच काम समजा. भाडेकरू, वाटेकरी, गायरानावरची वस्ती, माहेरी राहणारी परित्यक्ता, यांच्या नावावर सात-बारा किंवा घरपट्टी नसते आणि यादीतून नाव निसटतं. यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला आणि चावडी वाचन करायला आग्रह धरा. मोठ्याने वाचलेल्या यादीत घोळ लगेच उघडा पडतो. बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारी तीनच्या सुमारास. ग्रामसभेत त्या मागे बसतात, संडास आणि पाण्याचं बोलत नाहीत.

पुनर्वसनाची चर्चा निघाली तर किल्लारीचा दाखला द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेतली ५२ गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, रस्ते रुंद आणि सरळ आखले. घर पक्कं झालं, पण जुन्या गल्ल्या फुटल्या. भाऊबंद, शेजारी वेगवेगळ्या ओळींत गेले. पूर्वी आई शेतात गेली की समोरच्या ओसरीवरची म्हातारी पोराकडे बघायची, ती आता गावाच्या दुसऱ्या टोकाला. नव्या जागेचा नकाशा लागेल तेव्हा एवढं तरी मागून घ्यावं: गल्ली तशीच ठेवा, आणि अंगणवाडी-शाळा मधोमध. जिथे घरं जागच्या जागी दुरुस्त केली, त्या गावांत प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्याच बायकांना संवाद सहायक नेमलं. अभियंता काय म्हणतो ते घरोघरी सांगायचं आणि घराचं म्हणणं अभियंत्यापर्यंत न्यायचं. तुमच्या गावात अशा चार बायका शोधून ठेवल्यात तर तुम्ही गेल्यावरही काम चालतं.

पुढचा पावसाळा आणि तुमचं निघणं

पुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की जुनी भीती परत येते. त्याची तयारी मे महिन्यात. शाळेच्या भिंतीवर तक्ता लावा: आज पाणी किती फूट, कोयनेतून विसर्ग किती. कोल्हापूरच्या बाजूला राजाराम बंधाऱ्याची पातळी धरा, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. सांगलीत आयर्विनची. मुलांनी रोज आकडा लिहायचा, आणि कोणत्या आकड्याला काय करायचं तेही तिथेच: इशाऱ्याला कागदांची पिशवी दाराशी आणि म्हशी वरच्या बाजूला, धोक्याला माणसं बाहेर. आकडा कळला की भीतीला माप मिळतं. प्रत्येक घराची कागदांची पिशवी प्लॅस्टिकची, तोंड बांधलेली, आत मुलांच्या लसीकरणाच्या कार्डाची आणि दाखल्यांची झेरॉक्स.

तुमचं जाणं किमान आठवडाभर आधी सांगा. लहान मुलांसाठी फळ्यावर दिवस मोजा. पेटी अंगणवाडीत किंवा शाळेत ठेवा, यादीसह, आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. हजेरीची वही मात्र तशीच सोडून जाऊ नका. तिच्यात कोणत्या मुलाच्या घरी काय घडलं याच्या नोंदी आहेत. पुढे पाठपुरावा लागणाऱ्या मुलांची वेगळी यादी करून ती आशाताई आणि बाल संरक्षण कक्षाकडे हातोहात द्या, बाकीची पानं जाळा, आणि मोबाईलमध्ये काढलेले त्या पानांचे फोटो निघण्यापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसून पुसून टाका.